स्क्रीनच्या पायाला लाल दोरा

आक्का,

तू बांधलेला लाल दोरा काल दुपारपर्यंत स्क्रीनच्या पायालाच होता. तुझा तेरावा झाला, माणसं आपापल्या गावाला गेली, आपल्या कामाच्या खोलीचं कुलूप काढून मी पुन्हा कामाला बसले त्यालाही आठवडा झाला, पण दोऱ्याला मी हात लावला नव्हता. तू काय बदलून गेलीस तेच मला कळत नव्हतं, आणि कळल्याशिवाय दोरा सोडायचा नाही हा नियम तूच घातलेला.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तू खोलीवर आलतीस. मी पलीकडच्या गल्लीत, आपले नमुने विणणाऱ्या आप्पांच्या मागावर नमुना दाखवायला गेलते. परत आले तर तू चप्पल घालून दारातच उभी. "चल, येते," म्हणालीस. "आठ दिवसांचं काम हाय. पित्ताची पिशवी काढायची आणि घरला यायचं." तुझ्या खांद्यावरून मला स्क्रीन दिसत होता आणि दोराही. मी विचारलं, काय बदललंस? तर म्हणालीस, "बघशील की. डोळं हायत न्हवं तुला." आणि रिक्षात जाऊन बसलीस.

पिशवी नीट निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तू चहा मागितलास आणि चहा येईपर्यंत गेलीस, असं तुझा मुलगा महेश सांगत होता. चहा गार होईस्तोवर गप्पा मारणारी बाई तू, त्या दिवशीच कसली घाई झालती कोण जाणे. मला राग आला तुझा. अजून थोडा आहे.

पण रागाचं नंतर. आधी दोऱ्याचं. तुला काय सांगायचं, तुझ्याच सासरची ती रीत, पण मला आठवायला बरं वाटतं म्हणून सांगते. तुझ्या सासरी हातमाग एक आणि बसणारी दोन. सकाळी सासरे, दुपारी तू. सासरे सुनेशी फार बोलायचे नाहीत. मागाचा ताण कमीजास्त केला, एखादी गाठ वेगळी मारली, की उठताना ते मागाच्या खांबाला लाल दोरा बांधून जायचे. तू बसायच्या आधी हुडकायचं, काय बदललंय. सापडलं की दोरा सोडायचा आणि आत बघून मोठ्यानं म्हणायचं, "पाहिलं." बांधणाऱ्यानं सोडायचा नाही, बघणाऱ्यानं सोडायचा. "आमचं मामंजी आणि मी वीस वर्षांत जेवढं बोललो, त्यातलं निम्मं 'पाहिलं'च असंल," असं तू सांगायचीस.

अकरा वर्षांपूर्वी आपण दोघींनी वडगावातली ही खोली घेतली, साड्यांचे काठ आणि पदर कॉम्प्युटरवर काढून मागवाल्यांना द्यायचे म्हणून. मी बेळगावातल्या क्लासमध्ये सहा महिने शिकून आलते, माझ्याकडं सर्टिफिकेट होतं. तुझ्याकडं चाळीस वर्षांचं विणकाम होतं आणि माऊस हातात धरायची भीती होती. पहिल्याच दिवशी तू कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारलीस आणि विचारलंस, "ह्याला खांब कुठला?" मग स्क्रीनच्या पायाला दोरा अडकवून बघितलास. मी हसले. तू अजिबात हसली नाहीस. "एका मागावर दोघी बसायच्या म्हटलं की दोरा पायजे," म्हणालीस.

महिन्याभरात मला कळलं की सर्टिफिकेटापेक्षा दोरा कामाचा आहे. कॉम्प्युटर एक, खातं एक, सेटिंगं सगळी सामायिक. सकाळी तू येऊन अक्षरं एवढी मोठी करायचीस की अर्धा पदर स्क्रीनच्या बाहेर. दुपारी मी बारीक करायची. तू म्हणायचीस, मुंग्या दिसाल्यात. शेवटी मधला आकार ठरला. त्यात तुलाही डोळे ताणावे लागायचे आणि मलाही. कीबोर्डचंही तसंच. तुला तो मराठीत उघडायला हवा होता, मला कन्नडमध्ये, कारण बिलावर निम्म्या गिऱ्हाइकांची नावं कन्नडमध्ये घालावी लागायची. एका बिलावर गिऱ्हाइकाचं नाव निम्मं ह्या लिपीत आणि निम्मं त्या लिपीत गेलं, तेव्हा आपण तो इंग्रजीत उघडायचा ठरवलं. इंग्रजी दोघींनाही नको होती. तू म्हणालीस, "बरं झालं. दोघींना सारखाच तरास."

नुसत्या दोऱ्यानं भागेना, म्हणून जाडजूड वही आली. चार रकाने: तारीख, काय बदललं, कुणी, आणि शेवटी पाहिलं. बदलणारीनं पहिले तीन भरायचे, दुसरीनं बघून शेवटचा. रंगांची पेटी बदलली, लिही. प्रिंटर बदलला, लिही. वहीला कव्हर तू घालायचीस, गेल्या वर्षाच्या कॅलेंडरच्या पानाचं. खिळ्याला टांगून ठेवायचीस. बाहेरचं कुणी आलं की मला त्या वहीची लाज वाटायची. आता सांगते, दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरच्या दुकानात इतकी शिस्त मी बघितली नाही.

आणि तुझी ती कट्ट्यावरची मंडळी. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी बारकी बारकी चित्रं असतात, आपण काही न करता आपली चालू असलेली कामं. तू पहिल्यांदा बघितलीस तेव्हा कपाळाला आठी घालून विचारलंस, "ही कोण बसल्यात कट्ट्यावर? काय करालीत हितं?" मी समजावलं, हा व्हायरस येऊ नये म्हणून राखण करतो, हा नवीन काही आलं की घेऊन येतो, हा प्रिंटरचा माणूस. तुला पटलं नाही. घरात काम न करता बसलेला माणूस तुला कधीच चालला नाही. राखणदार दर तासाला "सगळं ठीक आहे" असा निरोप द्यायचा. तू म्हणायचीस, "ठीक हाय तर गप बस की बाबा." नवीन घेऊन येणाऱ्याला तू पाव्हणा म्हणायचीस, कारण तो नेमका कामाच्या वेळी यायचा आणि सगळं बंद करून पुन्हा चालू करा म्हणायचा. एकेकावर उजवं बटण दाबून तू त्यांना बाहेर काढायचीस. "उठा. घरला जावा."

पुढं तुला ती यादी सापडली, आत काय काय चालू आहे आणि कोण किती खातंय ते दाखवणारी. मग काय, रोज सकाळी हजेरी. इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचायचीस, न कळेल त्याला बंद करायचीस. एका सकाळी तू असाच कुणाला तरी उठवलास आणि स्क्रीनवरचं सगळं नाहीसं झालं. खालची पट्टी गेली, घड्याळ गेलं, फायली गेल्या, काळ्या पडद्यावर नुसता माऊसचा बाण. मी घरून येईपर्यंत तू हात मांडीवर ठेवून तशीच बसलेलीस. मला बघून म्हणालीस, "सुमे, समदा कट्टाच उठून गेला गं."

मी बंद करून चालू केलं, सगळं परत आलं. माझ्या मनात तुला बोलायचं होतं बरंच, पण तू त्याआधीच बोललीस. म्हणालीस, "आमचं हे बी असंच. छातीचं दुखणं लागल्यावर मागावर बसता येईना, मग मागच्या खोलीत आडव्या धाग्याच्या कांड्या भरत बसायचे. कुणाला दिसायचे न्हाईत. पण मी हात मागं केला की भरलेली कांडी तयार. ते गेल्यावर मी एकदा असाच हात मागं केला." मग तू उठून चहा ठेवलास. त्या दिवसापासून हजेरी तू रोज घेतलीस, पण नाव कळल्याशिवाय कुणाला उठवलं नाहीस. वहीत मागं एक यादी केलीस, कोण कशासाठी बसलाय त्याची. राखणदार, पाव्हणा, प्रिंटरवाला, आवाजवाला. माझ्याकडून एकेकाचं काम विचारून घेतलंस आणि मला ज्यांचं सांगता आलं नाही त्या तिघांवरून टोमणे मारलेस.

फक्त एकाशी तुझं कधी जमलं नाही. नक्कल्याशी.

नक्कल्या म्हणजे बॅकअपवाला, खोली घेतल्यावर दोन वर्षांनी आलेला. आपण काढलेल्या सगळ्या नमुन्यांची नक्कल शेजारच्या डब्यात, म्हणजे हार्ड डिस्कवर, करून ठेवणारा. तो चालू झाला की कॉम्प्युटर जड व्हायचा, रेघ ओढली की दोन श्वासांनी उमटायची. तू बारीक काम करत असायचीस, आंब्याच्या कोयरीचं टोक नाहीतर मोराची मान, आणि नेमका हा सुरू. तू बंद करायचीस. मी चालू करायची. वहीत पानंच्या पानं आहेत: नक्कल बंद, शांता, पाहिलं. नक्कल चालू, सुमन, पाहिलं. शेवटी मी संध्याकाळी जाताना हातानं चालू करायची असं ठरलं, पण मला घाई असली की राहायचं, आणि राहिलं की मी तुलाच बोलायची, तू सकाळी बंद केलं नसतंस तर एव्हाना झालं असतं. "कॉम्प्युटर जळला उद्या, मग?" मी म्हणायची. तू म्हणायचीस, "जळू दे. बोटं हायत न्हवं माझी." ह्या बोलण्यानं मी पेटायची. तुझी बोटं काय जन्माला पुरणार आहेत का, असं मी एकदा म्हटलंही होतं.

असंच एकदा भांडण वाढलं आणि मी माझं वेगळं खातं उघडलं. माझा पासवर्ड, माझी बारीक अक्षरं, माझा कन्नड कीबोर्ड, माझा नक्कल्या. तू स्क्रीनवर दोन नावं बघितलीस आणि एवढंच म्हणालीस, "एका मागाला दोन कुलपं." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एक महिना मला लई सुख लागलं, खोटं कशाला बोलू.

आता ज्याचं कधी बोललो नाही ते.

नमुना काढायच्या आधी एक माप सांगावं लागतं, एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती. ताण्या-बाण्याचं माप. आप्पांच्या मागावर आडवे धागे दाट, म्हणून माप न सांगता काढलेलं चित्र विणताना उंचीला दबतं. आपल्या सामायिक खात्यात ते माप तू पहिल्या वर्षीच बसवलं होतंस, त्यामुळं मला त्याचा विसर पडलेला. माझ्या नव्या खात्यात कुणीच ते सांगितलेलं नव्हतं. कॉम्प्युटरनं आपलं उभे आणि आडवे सारखेच धरले. मी त्यात मोर काढला. स्क्रीनवर कसा दिसत होता, मान उंच, पिसारा ऐटीत. काठ तू काढला होतास, जुन्या खात्यात. दोन्ही जोडले, फाइल आप्पांकडं गेली.

अकरा साड्या विणून झाल्यावर आप्पा गठ्ठा घेऊन आले. एक साडी उलगडून त्यांनी पदर टेबलावर टाकला. मोराची मान खांद्यात गेलेली, पोट सुटलेलं, पाय तर दिसेनातच. आप्पा म्हणाले, "ह्यो मोर हाय का बदक? कुणी काढला ह्यो?"

मला क्षणात कळलं काय झालंय ते. माझं तोंड उघडलंच नाही. आप्पांचा माझ्यावर तेव्हा विश्वास बसायला लागलेला, माझं नाव होऊ लागलेलं, क्लास शिकलेली बाई म्हणून. मी स्क्रीनकडं बघत राहिले. आणि तू म्हणालीस, "मीच. डोळं गेलं आप्पा माझं. पाठवायच्या आधी बघितला बी मीच. माझीच चूक."

आप्पा तुला वयाचा मान देऊन फार बोलले नाहीत, पण बोलले. तू ऐकून घेतलंस. ते गेल्यावर तू काहीच विचारलं नाहीस, चहा ठेवलास. मी त्याच संध्याकाळी तू गेल्यावर माझं खातं काढून टाकलं. दोरा बांधला नाही, वहीत लिहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एक नाव, एक खातं. मी स्वतःला समजावलं की तुला खरंच स्वतःची चूक वाटली असणार, काठ जोडताना तूच शेवटचा हात फिरवला होतास ना. सात वर्षं मी असं समजावत आले.

त्या साड्यांचं तू काय केलंस ते तर गंमतच. गठ्ठा घेऊन तू निपाणीची बस धरलीस. तुझं माहेर, तुझ्या भावजया, बिड्या वळायला एकत्र बसणाऱ्या शेजारणी. संध्याकाळी रिकाम्या हातानं आलीस. "लई आवडला बायकांना," म्हणालीस. "एक म्हणाली, इतकं दिवस साडीवर उपाशी मोर बघितलं, ह्यो खाऊनपिऊन सुखी दिसतोय." दहा गेल्या. अकरावी तू स्वतःला ठेवलीस, आणि दर खंडेनवमीला, मागाची आणि कॉम्प्युटरची पूजा करताना, तीच नेसून यायचीस. मला वाटायचं, मला टोचायला नेसतेस. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायला तू वाकलीस की तो जाडा मोर नेमका माझ्यासमोर यायचा. मी दरवर्षी ठरवायची, आज सांगायचं. दरवर्षी कुणीतरी पेढे घेऊन यायचं आणि राहून जायचं.

तेराव्याला तुझ्या सुनेनं, दीपानं, तीच साडी माझ्या हातात दिली. म्हणाली, "अत्त्यांनी दवाखान्यात जायच्या आधी काढून ठेवलती. तुमाला द्या म्हणून." मग पदर उघडून तिनं विचारलं, "ह्यो मोर असा का हो?" मी म्हटलं, "चुकून झाला." कुणाच्या चुकीनं ते म्हटलं नाही. तू नाहीस, आप्पा नाहीत तिथं, दीपाला काय त्याचं, तरीही माझ्या तोंडातून आलं नाही. घरी येताना वाटभर मला माझीच चीड येत होती.

मग मी दोऱ्यामागं लागले. निदान तेवढं तरी नीट करावं म्हणून. आठवडाभर रोज एक गोष्ट तपासली. माप तेच. रंगांच्या पेटीत चिंतामणी, अबोली, मोरपंखी सगळे आपल्या जागेवर. अक्षरांचा आकार मधलाच. कीबोर्ड इंग्रजीच. कट्ट्यावर राखणदार बसलेला, पाव्हणा बसलेला, प्रिंटरवाला बसलेला, नक्कल्या नेहमीसारखा झोपलेला. मी तुझ्यासारखी हजेरी घेतली, एकेकाचं नाव वाचलं, सगळे ओळखीचे. वहीत बघावं तर जुनी वही तू दवाखान्यात गेलीस त्याच आठवड्यात भरलेली. शेवटच्या ओळीत माझीच नोंद, आणि पुढं तुझं "पाहिलं." मीच आणलेली नवी वही खिळ्याला टांगलेली, कोरी. तू काहीच लिहिलं नव्हतंस. तू, जी माऊसखालचं रबर बदललं तरी लिहायचीस. मला वाटलं, दुखत होतं म्हणून राहिलं असेल, आणि आता हे मला कधीच कळणार नाही.

एक गोष्ट तेवढी वेगळी होती, पण माझ्या डोक्यात शिरली नाही. संध्याकाळी मी नक्कल्याला हातानं चालू करायची आणि तो पाच मिनिटांत काम संपवून मोकळा. एरवी अर्धा तास घ्यायचा. मी म्हटलं, एकटीनं काम केलं की नमुनेही निम्मेच, नक्कल पण निम्मी.

आठवडाभर मी दुपारी जेवायला घरी जात होते. आपल्या खोलीत डबा उघडायचा म्हणजे तुझा झुणका नाही, तुझी "जरा मिरची घे गं" नाही, मला नको वाटायचं. काल मात्र भाकऱ्यांना उशीर झाला, डबा घेऊनच आले. एक वाजता माऊस बाजूला केला, डबा उघडला, भाकरी मोडली. आणि शेजारचा नक्कलेचा डबा आपोआप जागा झाला. त्याचा निळा दिवा लुकलुकायला लागला. मी हात लावला नव्हता.

मी घास तसाच ठेवून नक्कल्याची खिडकी उघडली. आतल्या पानावर गेले, जिथं मी नऊ वर्षांत कधी गेले नव्हते, कारण माझं सगळं हातावर चालायचं. तिथं वेळ घातलेली होती. रोज, दुपारी एक. म्हणजे आपण जेवायला बसतो ती वेळ. कुणी रेघ ओढत नसतं, कॉम्प्युटर जड झाला तरी कुठल्या मोराची मान अडत नाही. नऊ वर्षं आपण दोघी चालू की बंद यावर भांडलो आणि चालू कधी, हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. सुचलं ते तुला, आणि ते सुद्धा जाता जाता. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. भाकरी तोंडात असताना दोन्ही एकदम येऊ नये, ठसका लागतो.

पाणी प्यायले आणि म्हटलं, आता "पाहिलं" लिहायचं कुठं? तुझी नोंदच नाही. तरी राहवेना, कपाटावरची जुनी वही पुन्हा काढली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आठवड्यापूर्वी काढली तेव्हाही ती मी ठेवलती तशी नव्हती. मी दोरीत गुंडाळून ठेवलेली, मला मिळाली ती नुसतीच पडलेली. म्हणजे पोटात दुखत असताना तू स्टुलावर चढलतीस. मी कॅलेंडरचं कव्हर सैल केलं. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला तुझं अक्षर, जरा तिरकं झालेलं: "नक्कल रोज एकला. आता मी उठवणार न्हाय. वहीत एक ओळ रिकामी हाय, बघ."

मी म्हटलं, ही वही तर काठोकाठ भरलेली, रिकामी ओळ कुठली? एकेक पान मागं घेत गेले. चालू, बंद, चालू, बंद, पाहिलं, पाहिलं. सात वर्षं मागं गेले आणि ती सापडली.

तारीख होती. आप्पा गठ्ठा घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसाची. "काय बदललं" हा रकाना कोरा. "कुणी" कोरा. आणि शेवटच्या रकान्यात, बाकीच्या ओळींसारख्याच निळ्या शाईत, तुझ्या त्या वेळच्या सरळ अक्षरात: पाहिलं. शांता.

मान वर केली तेव्हा नक्कल्या काम संपवून झोपला होता, भाकरी वाळली होती. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सकाळी येऊन तू हजेरी घेतलीस, दोन नावांतलं एक गेलेलं बघितलंस, आपल्या खात्यातलं माप जागेवर असलेलं बघितलंस, आणि सगळं समजून ओळ सोडलीस माझ्यासाठी. मी येऊन भरीन म्हणून. सात वर्षं वही आपल्या दोघींच्या मध्ये त्या खिळ्याला टांगलेली होती आणि मी कधी मागची पानं उलटली नाहीत. साडी नेसून तू मला टोचत नव्हतीस आक्का. तुला तो मोर आवडायचा, एवढंच असेल. तसं विचारायचं राहून गेलं.

आप्पांकडं आज सकाळी जाऊन आले. सांगितलं. ते मागाच्या आवाजात पहिल्यांदा ऐकूच शकले नाहीत, मग माग थांबवून म्हणाले, "म्हायत हाय की. आक्का कधी एवढा जाडा मोर काढंल व्हय?" आणि माग पुन्हा चालू केला. म्हणजे एवढी वर्षं मी एकटीच लपून बसले होते.

पण त्याआधी, काल दुपारीच, मी पेन घेतलं. कोऱ्या रकान्यात लिहिलं: ताण्या-बाण्याचं माप न सांगता मोर काढला, दोरा बांधला नाही. "कुणी"मध्ये लिहिलं: सुमन. शेवटच्या रकान्यात लिहायला काही उरलं नव्हतं, ते तू आधीच लिहिलेलं. मग पुठ्ठ्यावरच्या तुझ्या नोंदीखाली मी माझं "पाहिलं" लिहिलं, स्क्रीनच्या पायाचा दोरा सोडला, डबा धुतला आणि कामाला बसले.